उजेड सापडेना

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

२०२३ च्या जून महिन्यातली गोष्ट. पाऊस लांबला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या आणि माणसं रिकामी होती. शिरूर अनंतपाळला एका मित्राच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आम्ही तीन-चार जण दर रविवारी बसतो. आसपासच्या गावांतल्या जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या आणि मग टाइप करून संगणकात भरायच्या, असा आमचा उद्योग. पुण्याजवळच्या डोंगरी भागातून गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, हे वाचल्यापासून आम्हालाही हुरूप आला होता. आमच्या ओव्या त्या मानाने मूठभर, सहा-सात हजार.

त्या रविवारी उजेड गावच्या एक आक्का मुलाच्या मोटारसायकलवर बसून आल्या. साठी उलटलेली. त्यांच्या आईने जायच्या आधी दोन वर्षं आम्हाला पंचवीस-तीस ओव्या सांगितल्या होत्या. आक्कांना त्या कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या होत्या. म्हातारीने नाव लिहू दिलं नव्हतं. "नाव कशाला, गावाचं लिवा," एवढंच म्हणाली होती. तेव्हा गावावरूनच शोधायचं होतं. मी मोठ्या रुबाबात गावाच्या रकान्यासाठी "उजेड" असं लिहिलं आणि कळ दाबली. पडद्यावर शून्य.

पुन्हा दाबली. पुन्हा शून्य. रकाना काढून टाकून नुसतं "उजेड" शोधलं, तर कुठल्या कुठल्या गावच्या, पहाटेच्या उजेडाच्या ओव्या धाडधाड आल्या. उजेड गावची एकही नाही.

आक्का पडद्याकडे पाहत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता आला. म्हणाल्या, "मंग माज्या मायच्या ओव्या फेकून दिल्या का हो भाऊ?" मी म्हटलं, "नाही आक्का, मशीनचा घोटाळा आहे." त्यांनी मान हलवली आणि निघाल्या. मशीनचा घोटाळा हे उत्तर त्यांनी रेशन दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे ऐकलेलं असणार.

मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. संगणकाचं शिक्षण काही घेतलेलं नाही. पण हा घोटाळा शोधताना जे कळलं ते सांगावंसं वाटतं, कारण आता आपल्या सगळ्यांचेच कागद, नावं, जमिनी आणि आठवणी अशाच यंत्रांच्या पोटात जाऊन बसल्या आहेत.

आधी गावाच्या नावाचं सांगतो. उजेड हे आमच्याच तालुक्यातलं गाव. जानेवारीत तिथे महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते, त्यामुळे पुष्कळांना ठाऊक असेल. कागदोपत्री या गावाचं नाव हिसामाबाद. बोलताना मात्र उजेड. टाइप करणाऱ्या मुलांनी गावांची नावं सरकारी यादीवरून घेतली, म्हणून आमच्या नोंदीत पडलं हिसामाबाद. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी एक यादी केली होती: उजेड म्हणजेच हिसामाबाद. अंबाजोगाई म्हणजेच मोमिनाबाद. उस्मानाबाद आणि धाराशिव एकच, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर एकच. शेवटच्या दोघांची नावं सरकारदरबारी २०२३ साली बदलली, ओव्यांमध्ये ती जशी होती तशीच आहेत. खुद्द आमच्या शिरूरचं घ्या. पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर, बीडमध्ये शिरूर कासार, आमच्याच लातूर जिल्ह्यात शिरूर ताजबंद आणि आम्ही शिरूर अनंतपाळ. कुणी ऱ्हस्व लिहितो, कुणी दीर्घ.

अशी यादी एका साध्या फाइलीत लिहून यंत्राला द्यायची असते. दोन नावांच्या मध्ये स्वल्पविराम दिला तर यंत्र दोघांना सारखं मानतं. एक शोधलं की दुसरंही सापडतं. स्वल्पविरामाऐवजी बाण काढला, म्हणजे उजवीकडे टोक असलेली खूण दिली, तर डावीकडचं नाव पुसून त्या जागी उजवीकडचं घेतलं जातं. भाचा म्हणाला होता, "मामू, बाण वापरा, शोध नेमका होतो." मी सगळीकडे स्वल्पविरामच दिले. मोमिनाबाद म्हणणारी बाईही खरी आणि अंबाजोगाई म्हणणारीही. बाण काढणारा मी कोण? आता कवी म्हणून विचाराल तर समानार्थी शब्द असा काही प्रकारच नसतो. माय आणि आई हे शब्दही सारखे नाहीत. माझी अम्मी घरात दखनी बोलायची आणि जात्यावर बसली की मराठीत माय म्हणायची, ते काय उगाच? पण यंत्राला इतकं नाजूक कळत नाही, आणि एवढ्यासाठी लोकांच्या ओव्या हरवू द्यायच्या नाहीत.

तर यादी होती. जूनच्या आधी ती चालतही होती. मग उजेड गेलं कुठे?

इथे हे शोधयंत्र काय असतं ते थोडक्यात सांगायला हवं. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते: अमुक शब्द, पृष्ठ ४२, ११७, ३०५. शोधयंत्र हेच करतं. सगळा मजकूर एकदाच वाचून प्रत्येक शब्दासमोर तो कुठे कुठे आला ते लिहून ठेवतं, आणि आपण विचारलं की मजकूर न चाळता सूची पाहून उत्तर देतं. अशी सूची करणारी ल्यूसीन नावाची आज्ञावली डग कटिंग या अमेरिकन गृहस्थांनी १९९९ मध्ये लिहिली. ल्यूसीन हे त्यांच्या पत्नीचं मधलं नाव. तिच्यावर आधारलेला सोलर नावाचा शोधसर्व्हर योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट या कंपनीत बांधला आणि २००६ मध्ये तो अपाचे फाउंडेशनकडे देऊन सर्वांना खुला केला. आमच्याकडे सोलर म्हटलं की शेतातला पंप आठवतो, हा तो नव्हे. फुकट मिळतो आणि जगभर ग्रंथालयांपासून दुकानांपर्यंत वापरला जातो. त्याचा जोडीदार इलास्टिकसर्च शाय बॅनन यांनी २०१० मध्ये आणला. त्याची मुळं त्यांनी बायकोच्या पाककृती शोधायला केलेल्या एका जुन्या खटपटीत आहेत. ओव्या शोधणाऱ्याला ही माणसं परकी वाटत नाहीत.

मजकूर फार झाला, किंवा एक यंत्र बंद पडलं तरी काम थांबू नये असं वाटलं, तर सूचीचे तुकडे किंवा प्रती अनेक यंत्रांवर ठेवतात. सोलरमध्ये ही सोय २०१२ साली चौथ्या आवृत्तीबरोबर नीट आली. खरं तर सहा-सात हजार ओव्यांना एकच जुना संगणक पुरे होता, आणि मे महिन्यापर्यंत तसाच होता. पण आमच्याकडे वीज जाते आणि जुने संगणक न सांगता मरतात. शिवाय भाच्याला हे शिकायचंही होतं. सुट्टीत पुण्याहून आला तेव्हा त्याने क्लासमधले तीन जुने संगणक जोडले आणि तिन्हींवर ओव्यांची एकेक पूर्ण प्रत ठेवली. दोन दिवस राबला, आंबे खाल्ले आणि गेला.

आक्का गेल्यावर मी त्या यादीची फाइल उघडली. फाइल जागेवर होती आणि तिच्यात "उजेड, हिसामाबाद" ही ओळ होती. म्हटलं, कदाचित यंत्राने वाचली नसेल. सोलर बंद करून सुरू केला. शून्य. ओळ पुसून पुन्हा टाइप केली. शून्य. इतर दोन संगणकांवर जाऊन तीच फाइल ठेवली, तिन्ही बंद करून सुरू केले. शून्यच. तोवर रात्रीचे दहा वाजले होते.

भाच्याला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मामू, ती फाइल नाव बदलून ठेवा आणि चालू करा." मी म्हटलं, अरे, आहे तीही जाईल. म्हणाला, "करून तर बघा." मी फाइलचं नाव बदललं, म्हणजे यंत्राच्या लेखी ती नाहीशीच झाली. सुरू केलं. यंत्र निवांत सुरू झालं, तक्रार नाही, काही नाही. मग त्याने दुसऱ्या एका फाइलीत, जिच्यात सगळ्या रकान्यांचे नियम असतात, मधोमध काहीतरी वेडंवाकडं लिहायला लावलं. असं केल्यावर यंत्राने आरडाओरडा करायला हवा होता. तरीही ते गप्प.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही ज्या फायली दुरुस्त करताय, त्या ते वाचतच नाही."

दोन तास मी विचारत होतो की फाइल बरोबर आहे का. ती बरोबरच होती. यंत्र कुठली फाइल वाचतंय, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. एखादी फाइल हरवली तर यंत्र ओरडतं, अमुक ठिकाणी अमुक फाइल नाही म्हणून लाल अक्षरांत सांगतं. पण फाइल भलत्या जागी असेल आणि यंत्र जिथे पाहतं तिथे तशाच नावाची दुसरी फाइल असेल, तर त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. ते मनापासून काम करतं, फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी सांगण्यावरून.

ती दुसरी जागा कुठली, हे समजायला तहसील कचेरी डोळ्यांसमोर आणा. तीन सज्जांचे तीन तलाठी. नियम तिघांना सारखे हवेत. प्रत्येकाच्या कपाटात परिपत्रकाची वेगळी प्रत असेल तर एखाद्या दिवशी कुणाची तरी जुनी राहणार. म्हणून ठरलं की परिपत्रक तहसीलच्या एकाच फळ्यावर लागेल आणि तिघांनी सकाळी तिथूनच वाचायचं. सोलरची यंत्रं एकापेक्षा जास्त झाली की अशीच फळ्याची व्यवस्था येते. ती सांभाळणाऱ्या आज्ञावलीचं नाव झूकीपर, म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा राखणदार. याहू कंपनीत ती जन्मली. आजूबाजूच्या प्रकल्पांना प्राण्यांची नावं होती, म्हणून हिचं हे नाव. अनेक यंत्रांचा कारभार म्हणजे प्राणिसंग्रहालयच, हेही त्यात आलं.

आमचा एकच संगणक होता तेव्हा नियमांच्या फायली त्याच्याच एका फोल्डरमध्ये असत. तिथे बदल केला, यंत्र पुन्हा सुरू केलं की लागू. तीन यंत्रं जोडल्यावर नियम फळ्यावर गेले आणि ते फोल्डर म्हणजे माझ्या कपाटातली जुनी प्रत उरली. मी कपाटातला कागद खोडून-खाडून दुरुस्त करत होतो आणि तलाठी ऐकत का नाही म्हणून वैतागत होतो.

भाचा नियम फळ्यावर लावायला विसरला होता का? नाही. त्याने लावले होते. त्याच रात्री त्याने मला पडद्यावर ते दाखवायला लावलं. सोलरचं स्वतःचं एक कारभाराचं पान असतं. त्यात क्लाउड नावाच्या भागात झाडासारखा एक आराखडा आहे. त्याच्या फांद्या उघडत गेलं की झूकीपरजवळच्या सगळ्या फायली जशाच्या तशा दिसतात. तिथे नियमांचे तीन संच होते. एक आमचा, ज्याला आम्ही "जातं" असं नाव दिलं होतं. दुसरा सोलरबरोबर येणारा तयार संच. आणि तिसऱ्याचं नाव, "ओवी" या आमच्या संग्रहाच्या नावाला शेपूट जोडून, "ओवी.ऑटोक्रिएटेड". आपोआप तयार झालेला.

झालं होतं असं. भाच्याने "जातं" हा संच नीट चढवला. मग "ओवी" हा संग्रह तयार करण्याचा हुकूम दिला, पण कुठल्या संचाने चालायचं ते त्या हुकमात सांगायचं राहिलं. अशा वेळी सोलर अडून बसत नाही. तयार संचाची नक्कल करतो, तिला हे ऑटोक्रिएटेड नाव देतो आणि संग्रह तिच्याशी बांधतो. हे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. नवशिक्याला अडचण येऊ नये म्हणून केलेली सोय आहे. आमच्या बाबतीत त्या सोयीने आमचं "जातं" कोपऱ्यात पडून राहिलं आणि दळण भलतीकडेच चालू होतं.

मी तो आपोआप झालेला संच उघडून त्यातली समानार्थी शब्दांची फाइल वाचली. ती वाचल्यावर हसावं की रडावं कळेना. नमुन्यादाखल चार-दोन ओळी होत्या. त्यातल्या एकीत इंग्रजीतून लिहिलं होतं की टेलिव्हिजन आणि टीव्ही हे एकच. दुसरीत गीगाबाइटची दोन-तीन रूपं. पुढे एका प्रिंटरच्या नावाचं चुकीचं स्पेलिंग सुधारलेलं. म्हणजे आमच्या जात्यावरच्या ओव्यांच्या यंत्राला टेलिव्हिजन आणि टीव्ही एकच हे पक्कं ठाऊक होतं, उजेड आणि हिसामाबाद एक हे ठाऊक नव्हतं.

दुरुस्ती सोपी निघाली. संग्रहाची गाठ ऑटोक्रिएटेड संचाशी होती, ती सोडून "जातं"शी बांधायची. त्यासाठी संग्रहात बदल करण्याचा एक हुकूम आहे, त्यात नव्या संचाचं नाव द्यायचं. मग संग्रह पुन्हा वाचायला लावायचा, म्हणजे तिन्ही तलाठी फळ्यावरचं नवं परिपत्रक वाचतात. इथून पुढे यादीत नवी जोडी टाकायची झाली तर आपल्या संगणकावर फाइल दुरुस्त करायची, संच पुन्हा झूकीपरकडे चढवायचा आणि संग्रह पुन्हा वाचायला लावायचा. फाइल नुसती जपून ठेवल्याने काही होत नाही. आणखी एक, झूकीपर मुळात छोट्या चिठ्ठ्यांसाठी आहे. एका फाइलला साधारण एक मेगाबाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. आपला शब्दसंग्रह फार फुगला तर तो चढतच नाही. आमचा अजून तिथवर पोचायचा आहे.

रात्री साडेअकराला मी पुन्हा गावाच्या रकान्यात "उजेड" शोधलं. हिसामाबादच्या सगळ्या ओव्या ओळीने उभ्या राहिल्या. म्हातारीच्या सत्तावीस होत्या.

पण एक घोटाळा राहिलाच. "वाऱ्यावर" हा शब्द शोधला तर काही ओव्या येत आणि काही येत नव्हत्या. डोळ्यांना शब्द सारखेच दिसत. मराठीतला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, आणि पडद्यावर एकसारखा दिसला तरी यंत्राच्या पोटात त्याचे आकडे वेगळे असतात. दोन्ही रूपं एका रूपात आणणारी एक चाळणी नियमांत बसवता येते. आमच्या "जातं" संचात ती होती. आता तर तो संच लागू झाला होता, मग तरी का नाही? कारण ही चाळणी सूची तयार करताना लागते. जुनी सूची मेमध्ये आपोआपच्या नियमांनी झाली होती. समानार्थी यादी शोधताना वापरली जाते, म्हणून ती लगेच लागू झाली. अक्षरांची चाळणी लागू व्हायला सगळ्या ओव्या पुन्हा वाचून सूची नव्याने करावी लागली. ते काम दहा मिनिटांत झालं, पण हे दोन प्रकार वेगळे असतात हे कळायला दोन दिवस गेले. आता नियम बदलला तरी फरक पडला नाही असं दिसलं की मी आधी हे विचारतो: हा नियम विचारतानाचा की भरतानाचा?

जाता जाता चाळणीबद्दल एक सांगून ठेवतो. मराठीसाठी तयार नियम आमच्या प्रतीत नव्हते, हिंदीसाठी होते. सुरुवातीला आम्ही तेच लावले. त्यात ऱ्हस्व-दीर्घ एक होतात. सूत आणि सुत एकच, दीन आणि दिन एकच. लोकांच्या टायपिंगच्या चुका पोटात घालायला बरं, पण सूत कातणारीच्या ओवीबरोबर देवकीसुताची ओवी हातात येते. शेवटी आम्ही ती चाळणी काढून टाकली. यावर आमच्या मंडळात अजून वाद आहे.

आता तिसऱ्या संगणकाची गोष्ट. सप्टेंबरमध्ये एका रात्री वीज गेली ती पहाटे आली. सकाळी दोन यंत्रं मुकाट सुरू झाली. तिसरं ओरडू लागलं. तांबड्या अक्षरांत लांबलचक मजकूर, आणि त्याच्या आरंभी इतकंच: सोलरकॉन्फिग ही फाइल अमुक फोल्डरमध्ये सापडत नाही. क्लास चालवणारा माझा मित्र कामसू माणूस. त्याने वाचलं की फाइल सापडत नाही, तर जुन्या फोल्डरमधून ती आणि तिच्या सोबतच्या फायली उचलल्या आणि यंत्र म्हणतंय त्या ठिकाणी नेऊन ठेवल्या. तक्रार थांबली. त्याने मला फोन करून सांगितलंही, "झालं नीट."

पंधरा दिवस आम्हाला काही कळलं नाही. मग एका मुलीने तक्रार केली की पुढच्या टेबलावर नव्या नोंदी दिसतात, कोपऱ्यातल्या संगणकाच्या पडद्यावर दिसत नाहीत. आणि तिथे म्हणे अर्धी गावं सापडत नाहीत.

पहिल्या वेळी यंत्र गप्प होतं, या वेळी ते बोललं होतं, पण आम्ही अर्धंच वाक्य ऐकलं. फाइल सापडत नाही हे ऐकलं. कुठे सापडत नाही तो पत्ता वाचला नाही. तो पत्ता यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवरचा होता. पण तीन यंत्रांच्या व्यवस्थेत नियम डिस्कवर नसतातच, झूकीपरकडे असतात. तेव्हा हे यंत्र स्वतःच्या डिस्कवर शोधतंय तरी कशाला? उत्तर असं की त्याला झूकीपरचा पत्ताच माहीत नव्हता. फळा कुठे आहे ते न कळलेला तलाठी स्वतःच्या कपाटात परिपत्रक शोधत होता, कपाट रिकामं होतं म्हणून ओरडत होता. आम्ही कपाटात जुनं परिपत्रक कोंबलं. मग तो बाकी दोघांपासून फुटून, जुन्या नियमांनी, आपल्याजवळच्या जुन्या प्रतीवर एकट्याने कारभार करू लागला.

पत्ता का गेला, तर तीही भलत्या जागी ठेवलेल्या फाइलचीच तऱ्हा. झूकीपरचा पत्ता एका सुरुवातीच्या फाइलीत लिहितात. त्या नावाची एक फाइल सोलरच्या मूळ फोल्डरमध्ये नमुना म्हणून असते. सोलर कायमची सेवा म्हणून बसवला, म्हणजे संगणक सुरू झाला की आपोआप सुरू होणारा, की दुसरी फाइल यंत्रणेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये तयार होते, आणि वाचली जाते ती ही दुसरी. भाच्याने तिसऱ्या संगणकावर पत्ता पहिलीत लिहिला होता. मेमध्ये त्याने यंत्र हाताने, पत्ता सांगून सुरू केलं होतं, म्हणून चाललं. चार महिन्यांत ते कधी पूर्ण बंद झालंच नव्हतं. जूनमध्ये मी बंद केलं तेव्हासुद्धा भाच्याने भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरचा हुकूम जसाच्या तसा टाइप करून सुरू केलं होतं, आणि त्या हुकमात पत्ता होता. वीज गेली आणि यंत्र पहिल्यांदाच आपलं आपण उठलं.

आम्ही कोंबलेल्या फायली काढल्या, पत्ता योग्य फाइलीत लिहिला, यंत्र सुरू केलं. त्याने झूकीपरला हाक मारली, आपली प्रत जुनी असल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि बाकीच्यांकडून त्याने पंधरा दिवसांच्या ओव्या उतरवून घेतल्या. हे त्याने कुणी न सांगता केलं. एवढं शहाणपण असलेल्या यंत्राला दोन ओळींचा पत्ता नसला की काय होतं, याचं मला राहून राहून नवल वाटलं.

इथे एक खुलासा. सगळ्याच शोधसर्व्हरांत फळा असतो असं नाही. इलास्टिकसर्चमध्ये समानार्थी शब्दांची यादी फाइल म्हणून ठेवायची असेल तर ती प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये ठेवावी लागते, म्हणजे बरोबर उलटं. एकाकडचं शहाणपण दुसरीकडे नेऊन चालत नाही. माझ्या मित्राने केलं ते तिथे कदाचित बरोबर ठरलं असतं. म्हणून आमच्या खोलीच्या भिंतीवर आता नवा कागद चिकटवलाय. कारभाराच्या पानावर संग्रह निवडला की तो कुठल्या संचाने चालतो त्याचं नाव दिसतं, ते आधी वाचायचं. मग त्याच पानावरच्या फाइल्स या भागात जाऊन यंत्र प्रत्यक्ष वाचतंय ती फाइल पाहायची. आपल्या डिस्कवरची उघडायचीच नाही. आणि तांबडी अक्षरं आली की फाइलच्या नावाआधी पत्ता वाचायचा. हे तिसरं मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

आक्कांना जूनमध्येच निरोप धाडला होता, पण त्या लेकीकडे पुण्याला गेलेल्या. जानेवारीत उजेडच्या यात्रेला परतल्या तेव्हा आम्ही लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून त्यांच्या नातीने गावाच्या रकान्यात "उजेड" टाइप केलं आणि एकेक ओवी वाचायला लागली. ती नववीत शिकते, वाचताना अडखळत होती. जिथे अडली तिथे आक्का पुढची ओळ आपसूक म्हणायच्या. मी नुसता बसून होतो.

सत्तावीस वाचून झाल्यावर आक्का म्हणाल्या, "ही बारावी माज्या मायची नव्हं. शेजारच्या काकूची हाय. माय ती म्हनायची, पर सांगायची की काकूची हाय म्हून." नातीने विचारलं, काढून टाकू का? "काढू नगं," आक्का म्हणाल्या, "काकूचं म्हून लिव." काकूचं नाव त्यांनी सांगितलं. ते लिहायला आमच्या नोंदीत रकानाच नव्हता. रात्री शिरूरला परत आल्यावर भाच्याला फोन केला, नवा रकाना कसा वाढवायचा ते विचारलं आणि कुठल्या फाइलीत तो लिहिला, ती कुठे ठेवली, कधी चढवली, ते तारखेसकट वहीत लिहून ठेवलं.